संगणकाची जपून ठेवलेली प्रतिमा : जागा हलली तर परत कशी बसवावी?



संगणक आता नुसता कारखान्याच्या वजनकाट्यावर आणि हिशेब खात्यात राहिलेला नाही. तो आपल्या घरात येऊन बसला आहे. मुलगा, सून किंवा नातू त्यावर उसाच्या नोंदी, वजनाच्या पावत्या, ठिबकचे कागद, सातबाऱ्याचे उतारे, पीककर्जाचा हिशेब, लग्नाचे फोटो असे सगळे ठेवतात. गावोगावच्या सेवा सोसायट्यांचेही तेच. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्था संगणकावर आणण्याची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे जे काल लाल कापडाच्या वहीत होते ते आज हातभर डबड्यातल्या एका डिस्कमध्ये आहे.

वही भिजली तर पानं उन्हात वाळवता येतात, फाटली तर चिकटवता येते. डिस्क बसली की एका क्षणात सगळी वही कोरी! आणि यंत्राला काळवेळ कळत नाही. ऐन हंगामात, तोडणीची टोळी फडात असताना आणि बँकेचा निरोप आलेला असतानाच ते बंद पडते. तहान लागल्यावर विहीर खोदायची नाही हे आपण शेतीत शिकलो. तोच धडा इथे लागू आहे. विहीर म्हणजे बॅकअप. परंतु पुष्कळ ठिकाणी असे होते की विहीर खोदलेली असते, पाणीही असते, पण दोर कुठे बांधायचा हेच ऐनवेळी कळत नाही. बॅकअप घेतलेला असतो, तो सोयीसाठी दुसऱ्या डिस्कवर किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवलेला असतो, आणि संगणक म्हणतो, “मला काही सापडत नाही.” या अंकात आपण नेमका हाच विषय पायरीपायरीने समजून घेऊ.

१. पूर्ण प्रतिमा म्हणजे काय?

बॅकअप दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार म्हणजे निवडक फाईलींची नक्कल. हिशेबाची फाईल, फोटो, कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवायची. दुसरा प्रकार म्हणजे सिस्टीम इमेज, आपण तिला पूर्ण प्रतिमा म्हणू. हिच्यात विंडोज, त्यावर बसवलेले सगळे प्रोग्राम, मराठी टंक, छपाई यंत्राची जोडणी, सगळ्या सेटिंग आणि फाईली, असे अख्खे घर जसेच्या तसे उचलून ठेवलेले असते.

फरक असा समजा. पहिल्या प्रकारात घरातले धान्य तेवढे पोत्यात भरून पाहुण्याकडे ठेवले. घर पडले तर धान्य वाचले, पण चूल, उतरंड, दाराची कडी सगळे नव्याने जमवावे लागेल. दुसऱ्या प्रकारात चुलीपासून चौकटीपर्यंत सगळे जागच्या जागी उभे राहते. नव्या डिस्कवर प्रतिमा उतरवली की बंद पडण्याआधी संगणक जसा होता तसा एक-दोन तासांत समोर येतो.

विंडोज ७ मध्ये ही सोय ‘बॅकअप अँड रिस्टोअर’ या नावाने सर्वांच्या हाती होती. विंडोज १० आणि ११ मध्येही ती कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ अशी जुन्याच नावाने ठेवलेली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच तिची गणना पुढे विकास न होणाऱ्या सोयींत केली आणि पूर्ण प्रतिमेसाठी इतर कंपन्यांची साधने वापरावीत असे सुचवले. तरीही असंख्य घरांत आणि कार्यालयांत याच सोयीने घेतलेल्या प्रतिमा पडून आहेत, आणि उद्या गरज लागेल ती त्याच प्रतिमांची. म्हणून तिची रीत माहीत असलेली बरी.

२. पत्त्याचा गोंधळ

आपले पेडगाव परभणी तालुक्यातले, रेल्वे स्टेशन असलेले. पण महाराष्ट्रात आणखी एक पेडगाव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी, किल्ल्याचे. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण त्या पेडगावची समजतात, पण चेष्टा आपल्या वाट्याला येते! त्यात भर म्हणून सातारा जिल्ह्यातले पाडेगाव. तिथे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र आहे आणि फुले २६५ सारखे वाण तिथूनच आले, म्हणून ऊसवाल्यांच्या तोंडी ते नाव नेहमी असते. आता कोणी पार्सलवर तालुका-जिल्हा न घालता नुसते ‘पेडगाव’ लिहिले, किंवा एका काना-मात्रेची गल्लत केली, तर माल अस्सल असूनही भलत्याच गावी जाईल. मालात दोष नाही, पत्त्यात दोष.

हलवलेल्या प्रतिमेचे नेमके हेच होते. प्रतिमा धडधाकट असते. पण संगणक दुरुस्तीच्या वेळी तिला फक्त एकाच पत्त्यावर शोधतो. तो पत्ता असा :

(अ) डिस्कच्या अगदी पहिल्या पातळीवर, म्हणजे डिस्क उघडताक्षणी जे दिसते तिथे, ‘विंडोज-इमेज-बॅकअप’ या नावाचे फोल्डर हवे. पडद्यावर हे नाव इंग्रजीत, तिन्ही शब्द जोडून, मध्ये जागा न सोडता लिहिलेले असते.

(आ) त्याच्या पोटात त्या संगणकाच्या नावाचे फोल्डर हवे.

(इ) त्याच्या पोटात ‘बॅकअप’ या शब्दाने सुरू होणारे तारीख-वेळेचे फोल्डर, शिवाय ‘कॅटलॉग’ वगैरे नावांची एक-दोन छोटी फोल्डरे आणि एक छोटीशी ओळखीची फाईल हवी.

(ई) तारखेच्या फोल्डरमध्ये डिस्कच्या प्रत्येक भागाची एकेक फाईल असते. विंडोज ७ मध्ये तिचे शेपूट ‘व्हीएचडी’ असते, त्यानंतरच्या विंडोजमध्ये ‘व्हीएचडीएक्स’. सोबत बऱ्याच बारक्या ‘एक्सएमएल’ फाईली असतात.

अवजड फाईल म्हणजे उसाची मोळी आणि या बारक्या फाईली म्हणजे तिच्यासोबतची स्लिप. काट्यावर स्लिपशिवाय आलेली गाडी कोणाच्या खाती घालायची? तसेच इथे. काही जण जागा वाचवण्यासाठी मोठी फाईल तेवढी ठेवतात आणि बाकीचा ‘कचरा’ पुसून टाकतात. मग प्रतिमा असूनही संगणक ती ओळखत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

३. प्रतिमा हरवल्यासारखी का होते?

समजा, पेडगावच्या एका सभासदाच्या मुलाने दसऱ्याला बाहेरच्या हार्ड डिस्कवर घरच्या संगणकाची प्रतिमा घेतली. दिवाळीत त्याच डिस्कवर बहिणीच्या लग्नाचे चित्रण ठेवायचे म्हणून त्याने ‘जुना बॅकअप’ असे नवे फोल्डर केले आणि प्रतिमा त्यात सरकवली. संक्रांतीला संगणक बंद पडला. आता दुरुस्तीचा पडदा म्हणतो, या संगणकावर प्रतिमा सापडत नाही. घरात रडारड. खरे तर काहीच हरवलेले नाही. प्रतिमा एक पायरी खाली गेली आहे, एवढेच.

अशी कारणे पाचच आढळतात :

१) मुख्य फोल्डर दुसऱ्या फोल्डरच्या आत ठेवले.
२) मुख्य फोल्डरचे नाव बदलले. ‘घरचा बॅकअप’, ‘बॅकअप २’ असे काहीतरी केले.
३) मुख्य फोल्डर सोडून आतले संगणकाच्या नावाचे फोल्डरच तेवढे उचलले.
४) बारक्या फाईली पुसल्या किंवा नक्कल अर्धवट राहिली.
५) प्रतिमा चुकीच्या जातीच्या डिस्कवर नेली. जुन्या ‘फॅट ३२’ पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही आणि प्रतिमेची फाईल त्याहून कितीतरी मोठी असते. म्हणून डिस्क ‘एनटीएफएस’ पद्धतीचीच हवी. साध्या पेनड्राइव्हवर तर ही सोय प्रतिमा घेऊच देत नाही.

एक बारकावा आणखी. एकाच बाहेरच्या डिस्कवर आपण चार वेळा प्रतिमा घेतली, तर मागच्या प्रतिमांचे धागेदोरे विंडोज त्या डिस्कच्या पोटात वेगळ्या रीतीने जपून ठेवते, फोल्डरमध्ये ते दिसत नाहीत. म्हणून फोल्डरची नक्कल दुसऱ्या डिस्कवर केली की सोबत जाते ती फक्त शेवटची प्रतिमा. आधीच्या तीन मूळ डिस्कवरच राहतात. नक्कल झाली म्हणून मूळ डिस्क पुसून टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

४. हलवलेली प्रतिमा जागेवर कशी आणावी?

हे काम दुसऱ्या चालू संगणकावर करायचे. शेजाऱ्याचा चालेल, सोसायटीचा चालेल.

पहिली पायरी : बाहेरची डिस्क जोडा आणि मुख्य फोल्डर कुठे आहे ते शोधा. उघडताना संगणक परवानगी मागेल. ‘कंटिन्यू’ म्हणावे. परवानग्यांच्या खिडकीत शिरून बाकी काही चाळवू नये.

दुसरी पायरी : त्याच डिस्कवर जागा असेल तर फोल्डर ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. वीज मध्येच गेली तर कॉपीत मूळ माल शाबूत राहतो. आपल्याकडच्या विजेचा भरवसा सांगायला नको. जागा नसेल तर दुसरी मोकळी एनटीएफएस डिस्क घ्या आणि तिच्यावर नक्कल करा.

तिसरी पायरी : फोल्डर डिस्कच्या पहिल्या पातळीवर आणा. नाव बदलले असेल तर मूळ नाव अक्षर न् अक्षर तेच द्या. फक्त संगणकाच्या नावाचे फोल्डर हाती असेल तर पहिल्या पातळीवर मूळ नावाचे नवे फोल्डर करून त्याच्या आत ते ठेवा. संगणकाच्या नावाचे फोल्डर आहे त्याच नावाने राहू द्या.

चौथी पायरी : पहिल्या पातळीवर आधीच दुसरी नवी प्रतिमा असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळू नका. संगणक विचारेल, “या नावाचे फोल्डर आहे, एकत्र करू का?” नको म्हणा. नव्याचे नाव तात्पुरते बदला, जुन्याला मूळ नाव द्या, काम झाल्यावर पूर्ववत करा. त्यापेक्षा सोपे म्हणजे जुन्यासाठी वेगळी डिस्क.

पाचवी पायरी : मूळ फोल्डर आणि नक्कल या दोन्हींवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहा. एकूण आकार आणि फाईलींची संख्या जुळली पाहिजे. भरल्या गाडीचे आणि रिकाम्या गाडीचे वजन आपण दोन्ही वेळा डोळ्यांनी पाहतो, तसे हे आकडे स्वतः पाहा.

सोसायटीत दोन संगणक जाळ्याने जोडलेले असतील तर आणखी एक वाट आहे. प्रतिमा एखाद्या फोल्डरच्या आत असेल, तर ते बाहेरचे फोल्डरच जाळ्यावर ‘शेअर’ करायचे. मग जाळ्यातून पाहणाऱ्याला तीच पहिली पातळी दिसते. दुरुस्तीच्या पडद्यावर ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन जाळ्यावर शोधण्याचा पर्याय घ्यावा आणि त्या शेअरचा पत्ता द्यावा.

५. आता प्रतिमा बसवणे

आधी एक इशारा. प्रतिमा बसवली की त्या डिस्कवर सध्या जे आहे ते सगळे पुसले जाते आणि प्रतिमेच्या दिवसाचे चित्र उभे राहते. दसऱ्याची प्रतिमा संक्रांतीला बसवली तर मधल्या तीन महिन्यांची नोंद त्यात नसणार. म्हणून जुनी डिस्क थोडीफार जरी चालत असेल तर तिच्यावरच्या नव्या फाईली आधी दुसरीकडे काढा. शक्य असेल तर जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नव्या डिस्कवरच प्रतिमा उतरवा. पैसे थोडे जातील, पण मागचा दोर कापला जाणार नाही.

(१) दुसऱ्या संगणकावर विंडोज बसवण्याचा पेनड्राइव्ह तयार करा. किमान ८ जीबीचा लागतो आणि त्यावरचे आधीचे सगळे पुसले जाते. प्रतिमा ज्या विंडोजची आहे तेच विंडोज घ्या. ३२ बिटच्या प्रतिमेला ३२ बिटचा, ६४ बिटच्या प्रतिमेला ६४ बिटचाच पेनड्राइव्ह हवा.

(२) तो लावून संगणक सुरू करा. सुरू होताना कंपनीप्रमाणे एफ १२, एफ २ किंवा एस्केप ही कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा लागतो. यादीत तोच पेनड्राइव्ह कधी दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ लिहिलेला आणि एकदा तसाच. मूळ संगणक ज्या पद्धतीने चालत होता तीच पद्धत निवडली पाहिजे, नाहीतर प्रतिमा बसवायला यंत्र नकार देते.

(३) भाषेचा पडदा आला की ‘इन्स्टॉल’ करू नका. कोपऱ्यातले ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ घ्या. पुढे ‘ट्रबलशूट’, आणि तिथे ‘सिस्टीम इमेज रिकव्हरी’.

(४) बाहेरची डिस्क आता जोडा. प्रतिमा जागेवर असेल तर तारीख-वेळेसह यादीत दिसेल. नवीनतम घ्यायची की जुन्यांतली निवडायची ते यंत्र विचारते. तारीख मोठ्याने वाचून मगच पुढे जा.

(५) या पडद्यांवर डिस्कची अक्षरे बदललेली असू शकतात. नेहमीची ‘सी’ इथे ‘डी’ दिसेल. अक्षरावर विसंबू नका, डिस्कचे नाव आणि आकार पाहून ओळखा. म्हणून बाहेरच्या डिस्कला आधीच स्पष्ट नाव दिलेले असावे.

(६) संगणकात आणखी डिस्क असतील आणि त्या पुसल्या जाऊ नयेत असे वाटत असेल तर ‘एक्सक्लूड’ करून त्या वगळा. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे त्यांच्या वायरी काढून ठेवणे.

(७) शेवटचा होकार द्या आणि वाट पाहा. मध्ये वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसची सोय असावी. लॅपटॉप असेल तर चार्जिंगला लावून ठेवा.

संगणक उभा राहिला की लगेच इंटरनेटवर भटकू नये. प्रतिमा जुनी म्हणजे तिच्यातले संरक्षणही जुने. आधी सगळे अपडेट घ्या, मग कामाला लागा. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबली आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. अशी जुनी प्रतिमा उभी केली तर तिच्यातून कामाच्या फाईली काढून घ्याव्या आणि बँकेचे व्यवहार त्या यंत्रावर करू नयेत.

६. बसतच नसेल तर?

नव्या डिस्कची क्षमता मूळ डिस्कइतकी किंवा जास्त हवी. आत माल थोडा असला तरी हा नियम लागतोच. मूळ डिस्क ५०० जीबीची आणि नवी २५६ जीबीची घेतली तर यंत्र अडून बसते. दुसरे असे की वेगळ्याच कंपनीच्या, वेगळ्या बांधणीच्या संगणकावर प्रतिमा उतरवली तर ती सुरू होईलच याची खात्री नसते. एकाच्या मापाचा जोडा दुसऱ्याच्या पायात बसावा असा आग्रह धरू नये.

अशा वेळी धीर सोडायचा नाही. अख्खे घर उभे करता आले नाही तरी घरातले धान्य काढता येते. ती मोठी व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स फाईल म्हणजे आत एक संपूर्ण डिस्कच आहे. चालू संगणकावर ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, ‘अॅक्शन’मध्ये ‘अटॅच व्हीएचडी’ घ्या, ‘रीड ओन्ली’वर खूण करा आणि तारखेच्या फोल्डरमधली सर्वांत मोठी फाईल दाखवा. नवी डिस्क जोडल्यासारखी ती दिसू लागते. आत ‘यूजर्स’मध्ये आपल्या नावाचे फोल्डर असते. त्यातून हिशेब, फोटो, कागदपत्रे उतरवून घ्या. बारक्या फाईली कोणी पुसून टाकल्या असतील तरीही ही वाट बहुधा मोकळी असते. रीड ओन्लीची खूण मात्र विसरू नका, म्हणजे मूळ प्रतिमेत चुकूनही फेरफार होणार नाही.

बाहेरची डिस्क कोणी बिटलॉकरचे कुलूप लावून ठेवली असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी किल्ली यांशिवाय ती उघडत नाही. ती किल्ली कागदावर लिहून घरच्या कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांसोबत ठेवावी. संगणकातच ठेवली तर तिजोरीची चावी तिजोरीत, असे व्हायचे.

७. घाना देशातली एक डिस्क

कोणी म्हणेल, ही सगळी घरगुती उठाठेव, मोठ्या कंपन्यांना असले प्रश्न पडत नाहीत. पडतात. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून जगभर पसरला. डेन्मार्कची मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली. आपल्या महाराष्ट्रात, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्या कंपनीकडून चालवला जाणारा गेटवे टर्मिनल्सचा धक्का आहे. तिथले कामही विस्कळीत झाले.

कंपनीचे हजारो संगणक नव्याने उभे करायचे तर आधी एक गोष्ट हवी होती. कोणता कर्मचारी कोण, कोणाला काय उघडण्याचा अधिकार, ही नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांची नक्कल ठेवत असत, म्हणून त्यांचा वेगळा बॅकअप कोणाला निकडीचा वाटला नव्हता. पण सगळे एकाच जाळ्यात, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. शोधता शोधता आफ्रिकेतल्या घाना देशातल्या कार्यालयात एक सर्व्हर शाबूत सापडला. कारण काय? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! वीज गेल्याने कोणाचे भले झाल्याचे आपण मराठवाड्यातल्या लोकांनी क्वचितच ऐकले असेल, पण तिथे तसे झाले.

आता ती नोंद इंग्लंडला न्यायची होती. इंटरनेटने पाठवायची तर घानातली लाईन इतकी मंद की कित्येक दिवस गेले असते. तिथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी त्याने डिस्क नायजेरियाच्या विमानतळावर आणून दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्या दुसऱ्याने ती इंग्लंडला पोचवली. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितले की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. तरी नुकसान झाले ते २५ ते ३० कोटी डॉलरचे.

यातून आपण घ्यायचे ते असे. कायम जोडून ठेवलेली नक्कल संकटात मूळ यंत्रासोबतच जाते. वाचते ती सुटी ठेवलेली. आणि दूर ठेवलेली नक्कल वेळेवर हाती यायची तर ती कुठे आहे, कोणाकडे आहे आणि कशी आणायची हे आधी ठरलेले असावे लागते. जुलै २०२४ मध्ये आपल्या देशातही लहान बँकांना संगणक सेवा देणाऱ्या एका कंपनीवर खंडणीखोर प्रोग्रामचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे पैसे पाठवण्याचे व्यवहार काही काळ थांबले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. म्हणजे हे संकट आपल्या उंबऱ्यापासून फार दूर नाही.

८. चाचणी गळीत

कारखाना हंगामाआधी काय करतो? उन्हाळ्या-पावसाळ्यात यंत्रसामग्रीची ओव्हरहॉलिंग, मग बॉयलर प्रदीपन, मग चाचणी. मोळी टाकायच्या दिवशी पहिल्यांदा मिल फिरवून पाहत नाही. बॅकअपचेही तसेच आहे. जो एकदाही उघडून पाहिलेला नाही त्यावर भरवसा ठेवू नये. वर्षातून एकदा, हंगाम संपल्यावर, एवढी चाचणी करा : पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, सिस्टीम इमेज रिकव्हरीपर्यंत जा, आपली प्रतिमा यादीत दिसते का पाहा, आणि शेवटचा होकार न देता ‘कॅन्सल’ करून बाहेर या. नंतर प्रतिमेची मोठी फाईल रीड ओन्ली जोडून आतली एखादी हिशेबाची फाईल उघडून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे.

वर्षाचा क्रम असा ठेवावा :

• हंगाम सुरू होण्याआधी एक आणि संपल्यावर एक, अशा दोन पूर्ण प्रतिमा. सोसायटीसारख्या ठिकाणी दरमहा.
• रोजच्या हिशेबाच्या फाईलींची नक्कल रोज वा आठवड्याला. पूर्ण प्रतिमा आहे म्हणून हे टाळू नये.
• एकूण तीन ठिकाणी माल : मूळ संगणक, घरातली डिस्क, आणि एक डिस्क दुसऱ्या गावी. पेडगावची डिस्क परभणीच्या लेकीकडे राहिली तर घराला आग लागो की चोरी होवो, माल सुरक्षित.
• काम झाले की डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवू नये.
• वजनाच्या पावत्या, बिलाचे कागद, बँकेच्या नोंदी तारखेवार फाईलला लावून ठेवाव्या. प्रतिमेनंतरचे दिवस भरून काढायचे ते याच कागदांवरून.

आणि प्रत्येक डिस्कवर चिठ्ठी चिकटवावी. तिच्यावर संगणकाचे नाव, प्रतिमेची तारीख, विंडोज कोणते, मूळ डिस्क किती जीबीची, यूईएफआय की जुनी पद्धत (ही माहिती ‘सिस्टीम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत मिळते), आणि शेवटी ठळक अक्षरांत : “हे फोल्डर हलवू नये, नाव बदलू नये.” घरातल्या एकालाच सगळे माहीत असे ठेवू नका. मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि संगणक इकडे बंद पडला, तर सुनेला किंवा नातवाला ही चिठ्ठी वाचून काम करता आले पाहिजे.

स्वाध्याय

घरी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. ज्याचे उत्तर लिहिता येणार नाही ते काम या आठवड्यात करा.

१) आमच्या संगणकाची शेवटची पूर्ण प्रतिमा कोणत्या तारखेची आहे?
२) ती कोणत्या डिस्कवर आहे आणि डिस्क या क्षणी कुठे आहे?
३) डिस्क उघडताच मुख्य फोल्डर पहिल्याच पातळीवर दिसते का? नाव मूळचेच आहे का?
४) आत संगणकाच्या नावाचे फोल्डर, तारखेचे फोल्डर आणि बारक्या फाईली शाबूत आहेत का?
५) संगणक सुरू करण्याचा पेनड्राइव्ह तयार आहे का आणि तो चालतो हे पाहिले आहे का?
६) उद्या डिस्क बंद पडली तर प्रतिमेनंतरच्या नोंदी कोणत्या कागदांवरून भरता येतील?
७) घरातल्या आणखी कोणाला हे सगळे माहीत आहे?

ज्या सभासदांना यातली एखादी पायरी अवघड वाटेल त्यांनी गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींना सोबत बसवून हा लेख समोर ठेवावा आणि एकेक पायरी करून पाहावी. डिस्क पुसण्याची सूचना पडद्यावर आली तर मात्र घाई करू नये. थांबावे, तारीख पुन्हा वाचावी, दुसऱ्याला दाखवावी आणि मगच बटण दाबावे.